सिरक्यातले वेगळ्या चवीचे छोटे कांदे: बडोद्यात कुठे शोधायचे, कसे घालायचे?

रावपुरा_रोज
नमस्कार मंडळी. सिरक्यात मुरवलेले अख्खे छोटे कांदे आपल्याकडे दोनच तऱ्हेचे दिसतात. एक, पंजाबी हॉटेलात पापडाबरोबर येतो तो बिटाने लाल केलेला. दुसरा, मोठ्या दुकानांत परदेशी मालाच्या फळीवर असतो तो पांढरा, बोराएवढा, खारट-आंबट. मला याच्या पलीकडचे हवे आहेत. गडद गोडसर सिरक्यातले, मध-मिरचीचे, मोहरीच्या झणक्याचे, धुरकट, सोया सॉसमधले, फळाच्या सिरक्यातले. तयार मिळत असतील तर बाटली घेताना काय बघायचं? मिळत नसतील तर घरी घालायचं नेमकं प्रमाण काय? "अंदाजाने मीठ, चवीपुरती साखर" नको, ग्रॅम आणि मिलीलिटर सांगा. पोळीबरोबर आणि शेव-उसळीबरोबर खायचे आहेत, म्हणून फार गोड नकोत.

निथळ
आधी बाटलीचं सांगतो. पुढचं लेबल वाचूच नका, बाटली फिरवून मागचं वाचा. चार गोष्टी बघायच्या.

निथळलेलं वजन. ३५० ग्रॅमच्या बाटलीत कांदे बऱ्याचदा २०० ग्रॅमच्या आसपास असतात, बाकी पाणी. भाव या वजनावर काढा.

घटकांचा क्रम. "बाल्सामिक कांदे" (बाल्सामिक म्हणजे द्राक्षाच्या रसाचा गडद इटालियन सिरका) असं ठळक छापलेलं असतं आणि मागे पहिल्या तीन नावांत पाणी, साखर, स्पिरिट व्हिनेगर असतं. बाल्सामिक शेवटी २-३ टक्के. तो कॅरमेल रंगाचा गोड कांदा आहे, त्याला वेगळी चव म्हणायचं कारण नाही.

आकडे. २६० म्हणजे ॲसिटिक आम्ल, ३३० म्हणजे सायट्रिक, २२३ म्हणजे सल्फाइट, कांदा पांढरा ठेवायला. १२२ आणि १२४ हे लाल रंग, १५० कॅरमेल. ९५५ दिसला तर साखरेऐवजी सुक्रालोज आहे. दम्याचा त्रास असलेल्यांनी २२० ते २२८ मधला आकडा दिसला की बाटली परत ठेवावी.

चौथं, कांदे मिठाच्या पाण्यात आहेत की सिरक्यात. पाण्यातले कॉकटेलसाठी असतात, त्यांना मुरलेली चव नसते.

मांडवीकर
तयार मालात खरोखर वेगळ्या चवीचे असे मोजकेच प्रकार आहेत, त्यांची नावं लक्षात ठेवा म्हणजे दुकानात विचारता येईल.

इटलीचे बोरेताने. बोरेत्तो हे रेज्जो एमिलिया प्रांतातलं गाव, त्यावरून नाव. कांदा चपटा, पेढ्यासारखा. मोदेनाच्या बाल्सामिकमधले घ्या.

जपानचे राक्क्यो. हा आपला कांदा नव्हे, कांद्याच्या कुळातली दुसरी वनस्पती. आधी मिठात मुरवून मग गोड सिरक्यात घालतात आणि तिकडे करी-भाताबरोबर खातात. लांबट पाकळी असते, कुरकुरीतपणात याला तोड नाही.

इंग्रजी पद्धतीचे, जवाच्या माल्ट सिरक्यातले, तपकिरी आणि जोरदार आंबट. जव असल्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्यांनी जपून.

इराणी तोर्शी. तिकडे मुसीर नावाच्या रानटी कांद्याचे काप सिरक्यात मुरवतात. आपल्याकडे बाटलीत क्वचितच दिसतात.

कोरियाचे सोयातले आणि मेक्सिकोच्या युकातानचे आंबट संत्र्यातले बाटलीत शोधू नका. ते ताजे घालून खायचे प्रकार आहेत.

चिनीबरणी
माझं स्पष्ट मत: तुम्ही कांदे शोधू नका, सिरका शोधा. कांद्याला स्वतःची चव एकच, ती मिठात निम्मी निघून जाते. उरलेल्या जागेत जे शिरतं ते सिरक्याचं. लवंग-मिरी पांढऱ्या कृत्रिम सिरक्यात घातली तर लवंग-मिरीचा वास येतो, चव तीच टोचरी राहते. याउलट चांगल्या उसाच्या सिरक्यात काहीही न घालता कांदा मुरवा, तीन आठवड्यांनी मळीचा गडदपणा आपोआप येतो.

आणि असा सिरका आपल्या दाराशी आहे. नवसारीच्या कोलाह यांचा उसाचा सिरका. पेढी १८८५ पासूनची, पारशी घरांत लोणच्यांना आणि पातिया नावाच्या आंबट-गोड कालवणाला तोच लागतो. "सरको" म्हणून विचारा. रंग गडद, वास थोडा काकवीसारखा. रावपुरा_रोज, तुमच्या यादीतलं "गडद गोडसर" इथेच मिळतं, इटलीला जायची गरज नाही.

सुरसागरकाठ
चिनीबरणी, निम्मं पटलं. मोहरी आणि हळद यांना तटस्थ सिरकाच हवा. उसाच्या सिरक्यात हळदीचा वास दबून जातो. सगळ्यांना एकच सिरका लावू नये.

गोल्टी
कांद्याचं कोणी बोललं नाही अजून, म्हणून मी.

घाऊक बाजारात कांद्याच्या प्रतवारीत सगळ्यात लहान तो गोल्टी. मोठ्या आकाराच्या मानाने भाव कमी, कारण हॉटेलवाल्यांना सोलायला परवडत नाही. सिरक्यासाठी २० ते ३० मिलिमीटरचा हवा, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढा किंवा थोडा मोठा. ३५च्या वर गेला की आतपर्यंत मुरायला दुप्पट वेळ लागतो आणि तोवर बाहेरचे पापुद्रे मऊ पडतात.

सांबार कांदा, ज्याला आपल्याकडे मद्रासी म्हणतात, तो घेताना एक ध्यानात ठेवा. एका सालाखाली दोन-तीन कुड्या असतात. सोलला की सुटतो, अख्खा गोल राहत नाही. चवीला उत्तम, बरणीत दिसायला ओबडधोबड. गोलच हवा असेल तर बंगलोर रोझ, चपटा-गोल आणि गडद लाल, पण तो बराचसा निर्यातीला जातो.

पांढरा हवा असेल तर महुव्याचा. भावनगर जिल्ह्यातलं महुवा हे पांढऱ्या कांद्याचं आणि कांदा सुकवण्याच्या कारखान्यांचं मोठं केंद्र. सुकवणीसाठी घट्ट, कमी पाण्याचा कांदा लागतो आणि सिरक्यालाही तोच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आवक असते, तेव्हा पांढऱ्यातली गोल्टी मागा.

नोव्हेंबर-डिसेंबरचा खरीप कांदा घेऊ नका. पाणी जास्त, मान जाड, पंधरा दिवसांत बुळबुळीत होतो. उन्हाळी कांदा मान वाळलेला, साल कडकडणारा असावा.

आंबेहळद
गोल्टी, फार उपयोगी. सोलायची सोपी रीत कोणती? किलोभर गोल्टी म्हणजे शंभरावर कांदे होतात.

गोल्टी
उकळतं पाणी ओता, ४५ सेकंद मोजा, लगेच थंड पाण्यात टाका. साल अंगठ्याने सरकते. एक मिनिटाच्या वर गेलात तर बाहेरचा पापुद्रा शिजतो आणि तोच पुढे चिकट होतो.

मुळाकडची बाजू कापताना फक्त मुळांच्या मिशा काढा, खालची चकती ठेवा. सगळे पापुद्रे त्या चकतीला धरून असतात. ती गेली की चार दिवसांत कांदा फुलासारखा उमलतो आणि मधला कोंब बाहेर तरंगतो. नव्वद टक्के लोकांची बरणी इथे बिघडते आणि दोष सिरक्याला लागतो.

निथळ
आता मूळ कृती एकदाची लिहून टाकतो, म्हणजे बाकीच्यांना तीत फक्त फरक सांगता येतील. सव्वा लिटरच्या काचेच्या बरणीसाठी.

७०० ग्रॅम गोल्टी घ्या, सोलून ६०० च्या आसपास उरते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १०० ग्रॅम जाडं मीठ विरघळवा. त्यात कांदे २४ तास बुडवून ठेवा, वर बशी पालथी घाला म्हणजे तरंगत नाहीत. बारीक टेबल मीठ नको, त्यात मोकळं राहण्यासाठी घातलेली पूड असते, तिने रस गढूळ होतो. २४ तासांनी एकदाच धुवा आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण कोरडे करा.

मसाला: मिरी ३ ग्रॅम, धणे ५, मोहरी ५, लवंगा ३, दालचिनी बोटाच्या पेराएवढी, तमालपत्र १, जायपत्रीची एक पाकळी. सगळं अख्खं. पूड घातली तर तळाशी चिखल होतो.

सिरका ४५० मिली, ५ टक्के किंवा वर. साखर ४० ग्रॅम. स्टीलच्या भांड्यात सिरका, साखर, मसाला घाला, झाकण लावा आणि ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पाण्याला पुन्हा उकळी आली की गॅस बंद, दोन तास तसंच राहू द्या. सिरका थेट आचेवर खळखळ उकळला तर त्याचा सुवास उडतो. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना सिरक्याजवळ आणू नका.

पूर्ण गार झाल्यावर कांद्यांवर ओता. सगळे बुडाले पाहिजेत. तीन आठवड्यांनी उघडा.

कुरिया
गारच का? गरम ओतला की लवकर मुरतो.

निथळ
लवकर मुरतो आणि लवकर मऊ पडतो. कांद्याचा कुरकुरीतपणा पेशींमधल्या पेक्टिनवर असतो, उष्णतेने तो सैल होतो. चकत्या करून दोन दिवसांत खायच्या असतील तर गरम ओता, अख्ख्या कांद्याला गारच.

सुरसागरकाठ
इथे अपवाद आहे. पांढऱ्या कांद्यावर काही आठवड्यांनी पिवळे ठिपके येतात, लोक बुरशी समजून फेकून देतात. ते क्वेर्सेटिनचे स्फटिक असतात, कांद्यातलाच पदार्थ, अपाय नाही. कांद्यातली विकरं चालू राहिली की ते बनतात. उकळत्या पाण्याची ती ४५ सेकंदं नीट पाळली तर ठिपके कमी येतात. म्हणून पांढऱ्या कांद्याला ती पायरी गाळू नका, साल हाताने निघत असलं तरी.

बुरशी असेल तर ती वर, हवेच्या कडेला, लोकरीसारखी दिसते. तशी बरणी पूर्ण टाकायची, वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

मांडवीकर
टक्क्याचा मुद्दा नीट मांडायला हवा, कारण दुकानात ४ टक्क्यांच्या बाटल्या भरपूर आहेत. आपल्याकडे अन्न सुरक्षेच्या नियमांत सिरक्याला किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं आणि सिरक्यातल्या लोणच्याच्या रसात किमान २ टक्के. आता निथळ यांचं प्रमाण घेऊन हिशोब करा. ४५० मिलीत ५ टक्के म्हणजे साडेबावीस ग्रॅम आम्ल. ते ६०० ग्रॅम कांद्यातही पसरतं, कारण कांदा बहुतेक पाणीच. साडेबावीस भागिले १०५० म्हणजे सुमारे २.१ टक्के. काठावर पास. ४ टक्क्यांचा सिरका घेतला तर १.७ येतो, नापास. ६ टक्क्यांचा घेतला तर अडीच, निर्धास्त.

म्हणून ४ टक्क्यांच्या सिरक्यात घातलेली आणि "अर्धा सिरका अर्धं पाणी" अशी हॉटेलछाप बरणी फ्रीजमध्येच ठेवायची आणि आठवडाभरात संपवायची.

कृत्रिम सिरक्यावर "सिंथेटिक" आणि ॲसिटिक आम्लापासून बनवल्याचं लिहिणं बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, पण असतात. जांभळाचा किंवा सफरचंदाचा म्हणून रंगीत बाटली दिसली की आधी हेच शोधा.

रावपुरा_रोज
हा हिशोब फार कामाचा. म्हणजे कांदे ठासून भरले आणि सिरका कमी बसला तर ५ टक्क्यांचाही पुरणार नाही?

मांडवीकर
बरोबर. ८०० ग्रॅम कांदे कोंबून ३०० मिली सिरका बसवला तर १.४ येतो. कांदे सैल भरा. वर बोटभर रस राहिला पाहिजे.

कुरिया
मोहरीच्या झणक्याचं मी सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

हाथीखान्याच्या बाजारात राईचे कुरिया सुटे मिळतात, सालं काढून फोडलेली मोहरी, आपण मेथिया मसाल्याला वापरतो तेच. २० ग्रॅम घ्या, खलात अगदी जाडसर चेचा. आता त्यावर सिरका ओतू नका. ३० मिली साधं थंड पाणी घाला आणि दहा मिनिटं झाका. झणका मोहरीत तयार नसतो. पाणी लागल्यावर तिच्यातलं विकर काम करतं तेव्हा बनतो. गरम सिरका घातला की विकर मरतं आणि उरतो नुसता कडवटपणा. आम्ल आधी पडलं तरी काम मंदावतं. दहा मिनिटांनी झाकण काढून वास घ्या, नाकात चढला की गार सिरक्यात मिसळा. त्या क्षणापासून आम्ल तो झणका धरून ठेवतं.

बाकी मसाल्यात फक्त हळद पाव चमचा आणि ठेचलेल्या लवंगी मिरच्या ३. लवंग-दालचिनी इथे नको. साखर २० ग्रॅम, म्हणजे तुमच्या पोळी-भाजीला चालेल. सिरका पांढरा, ६ टक्क्यांचा. दहा दिवसांत खाण्याजोगे होतात. रस गढूळ दिसणार, कुरियामुळे, त्याला इलाज नाही.

आंबेहळद
नावाला जागून माझी भर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खंडेराव मार्केटात ओली हळद, आंबेहळद आणि हिरवी मिरी एकाच वेळी येतात. गुजराती घरांत तिन्ही लिंबाच्या रसात घालतात, तीच जोडी पांढऱ्या कांद्याला द्या. ६०० ग्रॅम कांद्याला आंबेहळद ६० ग्रॅम, ओली हळद ३० ग्रॅम, दोन्हीच्या कागदासारख्या पातळ चकत्या. हिरव्या मिरीचे घोस २५ ग्रॅम, देठासकट. साखर शून्य. सिरका ४०० मिली ६ टक्क्यांचा आणि लिंबाचा रस ५० मिली.

आंबेहळदीला कैरीचा वास असतो, तो सिरक्यात उतरतो. हिरवी मिरी दाताखाली फुटते तेव्हा तिखट कमी आणि सुगंध जास्त. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून पिवळेपणा कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यावर बसतो. कापलात तर आत पांढराच राहतो. ताटात फार सुरेख दिसतो.

अडचण एकच, त्या दिवसांत चांगला वाळलेला पांढरा कांदा मिळत नाही.

गोल्टी
उन्हाळ्यातला साठवलेला बघा, नाहीतर उलट करा. हळद-मिरी हिवाळ्यात आधी सिरक्यात घालून ठेवा, कांदे मार्चमध्ये टाका. वास कमी होत नाही, मुरतोच.

आंबेहळद
हे सुचलं नव्हतं. झकास.

चिनीबरणी
बिटाबद्दल बोलू या का? माझा विरोध आहे. लाल कांद्याच्या सालीलगतच्या पापुद्र्यात स्वतःचा रंग असतो, आम्ल लागलं की तो आपोआप गुलाबी खुलतो. बीट घातलं की मातीचा वास येतो, जो कुठल्याही नाजूक चवीला मारतो.

मांडवीकर
सांबार कांदा सोलल्यावर आत फिका असतो, त्याचा गुलाबी फार तर फिकट गाजरासारखा. गर्द रंग हवा असेल तर बीट लागतंच. ६०० ग्रॅमला २० ग्रॅम, दोन चकत्या, २४ तासांनी काढून टाका. काढत नाहीत म्हणून मातीचा वास येतो.

चिनीबरणी
२४ तासांत काढलं तर हरकत नाही, मान्य. गडद रंगाला आणखी एक वाट म्हणजे जांभळाचा सिरका, चव आणि रंग दोन्ही एकात. थोडा तुरट. त्यात काळं मीठ २ ग्रॅम आणि भाजलेलं जिरं ४ ग्रॅम, इतकंच घाला. बाटलीवर टक्का छापलेला नसेल तर मात्र फ्रीज.

सुरसागरकाठ
धुरकटपणाचा प्रश्न राहून गेला. कांद्याला धुंगार देऊ नका, सिरक्याला द्या. ओल्या कांद्यावर धूर चिकटत नाही, शिवाय राख लागते. ४५० मिली सिरका पसरट स्टीलच्या भांड्यात ओता, जितका पसरट तितका चांगला, कारण धूर पृष्ठभागातूनच शिरतो. हे भांडं मोठ्या पातेल्यात ठेवा, शेजारी वाटीत लालबुंद निखारा. निखाऱ्यावर आपण दाल-बैंगनला घालतो तसं तूप नको. तुपाची तवंग सिरक्यावर बसते, कांद्यांना लागते आणि महिन्याभरात खवट होते. तुपाऐवजी दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा टाका. घट्ट झाकून दहा मिनिटं. झाकण काढून सिरका ढवळा, दुसरा निखारा, पुन्हा दहा मिनिटं. दोनदा पुरे, तिसऱ्यांदा केलं तर कडू लागतो.

यात उसाचा सिरका, साखरेऐवजी गूळ ३० ग्रॅम, गाळून. एक सुकी ब्याडगी.

कुरिया
तेल-तुपाचा विषय निघालाच आहे तर: सिरक्याच्या बरणीत वरून तेलाचा थर द्यायचा मोह टाळा. कैरीच्या लोणच्याची रीत इथे लावू नये. आम्ल कमी पडलेला कांदा आणि वर हवाबंद तेल, ही बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला सोयीची जागा. सामू (पीएच) ४.६ च्या खाली असला की तो वाढत नाही, म्हणून मांडवीकरांचा हिशोब आधी, बाकी सगळं नंतर.

मांडवीकर
उरलेले दोन प्रकार थोडक्यात. ते फ्रीजचेच आहेत.

सोयातले: ५०० ग्रॅम कांदा, मोठा चालतो, दीड इंची फोडी. सोया सॉस १५० मिली, पाणी १५०, साखर ६० ग्रॅम, हे उकळा. गॅस बंद करून सिरका १५० मिली घाला. इथे मात्र कढत ओता. गार झाला की फ्रीज. दुसऱ्या दिवशी तयार, दोन-तीन आठवडे छान. दोन हिरव्या मिरच्या चिरून घातल्या तर शेव-उसळीच्या तिखट रश्श्याबरोबर चांगले जातात. वेगळं मीठ घालू नका, सोयात भरपूर असतं.

युकातानचे: लाल कांद्याच्या पातळ चकत्या, उकळत्या पाण्याखाली दहा सेकंद. तिकडच्या आंबट संत्र्याऐवजी निम्मा संत्र्याचा, निम्मा लिंबाचा रस. सुका ओरेगॅनो अर्धा चमचा, मिरी, मीठ, एक तिखट मिरची. चार तासांत खायला तयार. आठवड्यात संपवा.

रावपुरा_रोज
आणि बाल्सामिक? घरी घालायचं तर महाग पडेल ना?

निथळ
पारंपरिक म्हणून विकतात ते किमान १२ वर्षं लाकडी पिंपांत मुरलेलं असतं, ते कांद्यावर ओतायचं नसतंच. साधं मोदेनाचं घ्या, त्यात किमान ६ टक्के आम्ल असतं. ते १५० मिली आणि सफरचंदाचा ५ टक्क्यांचा ३०० मिली. हिशोब २.३ टक्के येतो. साखर घालू नका, बाल्सामिकमध्ये द्राक्षाच्या रसाचा गोडवा असतोच. मसाला फक्त मिरी आणि एक तमालपत्र. "ग्लेझ" म्हणून पिळायच्या बाटलीत येतं ते नको, त्यात घट्ट करायचे पदार्थ असतात, रस चिकट होतो.

मध-मिरचीच्या बरणीला: ४५० मिली ६ टक्क्यांचा सिरका, मध ५० ग्रॅम, सुक्या लवंगी मिरच्या ३ उभ्या चिरून. मध सिरका कोमट झाल्यावर घाला.

पोळपाट
वाचनमात्र होते, एक विचारते. आमच्याकडे कांदेनवमीनंतर कार्तिकीपर्यंत कांदा बंद. जेठात घातलेली बरणी चातुर्मासभर न उघडता ठेवली तर दिवाळीनंतर चालेल?

चिनीबरणी
चालेल, आणि मसाल्याच्या बरणीला ते चारेक महिने मानवतात. लवंग-जायपत्रीची धार तीन आठवड्यांत टोकदार असते, चार महिन्यांत गोल होते.

गोल्टी
खराब होणार नाही हे खरं, पण मऊ पडेल. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, पावसाळ्यात दमट. तीन आठवडे बाहेर मुरवा, मग कांदेनवमीलाच फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात टाका. मिठाच्या पाण्यात २४ ऐवजी ३६ तास ठेवा. पांढरा महुव्याचा घ्या, लाल नको. कुरियाच्या आणि हळदीच्या बरण्या इतक्या टिकवू नका, मोहरीचा झणका दोन महिन्यांत बसतो.

आणि मुरला की नाही हे चवीवरून ठरवू नका, एक कांदा मधोमध उभा कापा. न मुरलेल्याचा गाभा दुधाळ, अपारदर्शक असतो आणि बाहेरचे पापुद्रे काचेसारखे. तो दुधाळपणा पूर्ण गेला, कोंबापर्यंत सगळं पारदर्शक झालं की मुरला. कापताना सुरीखाली "करक्" आवाज आला पाहिजे. आवाज नाही आणि पापुद्रे एकमेकांवर सरकतात, तर उशीर झाला.

पोळपाट
खूप आभार. ३६ तास लिहून घेतलं.

आंबेहळद
मूळ प्रश्नाकडे, "कुठे शोधायचे?" बडोद्यातला रस्ता असा. कांदा पाच-दहा किलो हवा असेल तर सकाळी लवकर सयाजीपुऱ्याचं घाऊक मार्केट, तिथे गोल्टी म्हटलेलं कळतं. किलो-दोन किलोसाठी खंडेराव मार्केट, पण तिथे निवडून घ्या, मोठ्या ढिगातले लहान वेगळे काढून देतात. आकार सारखा नसेल तर एकाच बरणीत काही कच्चे, काही मऊ. कुरिया, जायपत्री, तमालपत्र हाथीखान्यात. सांबार कांदा दक्षिणी किराणा दुकानांत, तिथे तो ताजा असतो कारण रोज खपतो. उसाच्या सिरक्यासाठी पारशी खाद्यपदार्थ ठेवणारे दुकानदार. तांदळाचा सिरका आणि सोया अलकापुरीकडच्या मोठ्या दुकानांत, बोरेताने असतील तर तिथेच, तारीख बघून घ्या, फळीवर बरेच दिवस पडून असतात.

रावपुरा_रोज
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन बरण्या ठरवल्या: उसाच्या सिरक्यातली धुरकट, कुरियाची, आणि हळद-मिरीचा सिरका हिवाळ्यात घालून मार्चमध्ये पांढरे कांदे. तयार बाटलीत फक्त राक्क्यो शोधेन. शेवटचं एक, झाकण कसलं? घरच्या बरण्यांना पत्र्याची आहेत.

सुरसागरकाठ
पत्र्याचं नको, आतला लेप ओरखडला की सिरक्याच्या वाफेने गंजतं आणि गंज रसात उतरतो. काचेचं रबरी कडीचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. पत्र्याचंच असेल तर मध्ये बटर पेपरचे दोन थर घालून लावा आणि दर आठवड्याला बदला. काढताना चमचा कोरडा आणि स्टीलचा.